तारपकरी मामा आणि माझा चार मिनिटांचा व्हिडिओ

(हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ बरेचसे काढलेत, थोडे राहिलेत. हेडफोन घरी विसरला असाल तर वाचा, चालेल.)

तलासरीहून बोलतेय. मागे कोंबडा ओरडला तर समजून घ्या, आपल्याकडे स्टुडिओ नाही, मामाची पडवी आहे.

आजचा विषय एका भांडणातून निघाला. जानेवारी २०२६ मध्ये बातमी आली, जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. नव्वदी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर तारपा वाजवत आलेला. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला दोन दिवस तारपाच होता. त्या गडबडीत कुणीतरी माझा जुना व्हिडिओ पुन्हा वर काढला. माझे मामा तारपा वाजवतात, तो. चार मिनिटं दहा सेकंदांचा.

तर आम्ही तिघं डहाणू रोडहून विरारच्या लोकलमध्ये बसलेलो. एक मित्र, एक मैत्रीण आणि मी. वाणगाव येईपर्यंत सगळं कौतुक चाललं होतं. वाणगावनंतर भांडण.

मित्र म्हणाला, “मामा म्हणजे आपले रॉकस्टार आहेत, बघ ना काय दिसतात!” मैत्रीण म्हणाली, “दिसतात हाच प्रॉब्लेम आहे. मामा रोज शर्ट-पँट घालतात. फेटा, लंगोटी, मोरपीस कुणासाठी? शहरातल्या लोकांना दाखवायला?” मग मित्र म्हणाला, “अगं, स्टेजवर सगळेच वेगळे दिसतात.” मग ती म्हणाली, “आणि खरं सांगू? आता त्यांचा दम पहिल्यासारखा राहिला नाही. व्हिडिओत लपवलंय.” असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं.

मी खिडकीबाहेर बघत बसले. कारण ती बरोबर होती, आणि ते लपवणारी मीच होते.

म्हातारा होत चाललेला कलाकार, त्याच्यावर बनवलेली फिल्म आणि त्याची लोकांपुढची छबी यावरून चाहते जगभर भांडतात. गिटारवाल्यांवरून भांडतात, तसं आम्ही तारपकऱ्यावरून भांडलो. या भांडणात नक्की काय-काय मिसळलेलं असतं, ते आज सुटं करून बघू.

आधी तारपा, दोन मिनिटांत

आपल्यातल्या काही जणांनी तारपा फक्त वारली चित्रातच पाहिलाय, म्हणून सांगते. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांना बोटं ठेवायची भोकं, आत कंप पावणाऱ्या जिभ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा आणि सगळं जोडायला मेण. बाजारात दुकानात मिळत नाही, बनवावा लागतो.

वाजवण्यातली खरी मेख श्वासात आहे. तारप्याचा आवाज तुटत नाही. वाजवणारा गालात हवा साठवतो, ती गालांनी ढकलत राहतो आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घेतो. पुंगीवाले, सनईवाले हेच करतात. ऐकायला सोपं वाटतं. एक स्ट्रॉ घ्या, ग्लासभर पाण्यात घाला आणि बुडबुडे न थांबवता नाकाने श्वास घेऊन दाखवा. नाकात पाणी गेलं तर मला शिव्या देऊ नका.

आणि तारपा एकट्याचा नसतो. तारपकरी मध्ये, बाया-पुरुष एकमेकांना धरून त्याच्याभोवती. तो फिरेल तसं रिंगण फिरतं, त्याने चाल बदलली की पाय बदलतात. तारप्याला पाठ दाखवायची नाही. भात तयार झालं, कणसरी घरात यायला लागली, की आमच्या पाड्यावर तारपा खाली उतरतो. दिवाळीच्या आसपास रात्र-रात्र चालतो. तिथे प्रेक्षक असा नसतोच. जो आला तो रिंगणात.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅमेरा कुणाला मोठं करतो?

आता थोडं लांब जाऊ, अमेरिकेत. ‘द बँड’ नावाचा रॉक ग्रुप होता, पाच जणांचा. २५ नोव्हेंबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. मार्टिन स्कॉर्सेसी या दिग्दर्शकाने त्यावर ‘द लास्ट वॉल्ट्झ’ ही फिल्म केली, ती १९७८ मध्ये आली. कॉन्सर्ट फिल्म म्हटलं की आजही लोक तिचं नाव पहिल्या पाचात घेतात.

पण ग्रुपचा ड्रमर लेव्हॉन हेल्म त्या फिल्मवर आयुष्यभर नाराज राहिला. त्याने १९९३ मध्ये आत्मचरित्रात सगळं काढलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही पाच जण होतो, फिल्ममध्ये गिटारवाला रॉबी रॉबर्टसन हाच हिरो झाला. रॉबर्टसन फिल्मचा निर्माताही होता. आमच्यातला रिचर्ड मॅन्युएल तर धड दिसतसुद्धा नाही. शिवाय ‘लाइव्ह’ म्हणून ऐकवलेलं बरंचसं नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेलं आहे.

उलट बाजूही आहे. फिल्म नसती तर तुम्ही-आम्ही त्या पाच जणांना पाहिलंच नसतं. त्यांच्यातला शेवटचा, गार्थ हडसन, जानेवारी २०२५ मध्ये गेला. आता पाचही जण नाहीत, फिल्म आहे. म्हणजे कॅमेऱ्याने ज्याला मोठं केलं, तोच पुढच्यांसाठी मोठा.

हे वाचलं तेव्हा मी मोबाईल उघडून माझा व्हिडिओ पाहिला. चार मिनिटं दहा सेकंद. त्यात मामांचा चेहरा, मामांचे गाल, मामांची बोटं, तारप्याचं टोक, पुन्हा चेहरा. रिंगण? एकदा, तीन सेकंद, कुणाचे तरी पाय.

कारण साधं आहे. मी मोबाईल उभा धरला होता. उभ्या चौकटीत एक माणूस छान बसतो, रिंगण बसत नाही. रील बघायची आपली सवय, तिने परस्पर ठरवलं की हिरो कोण. मी ठरवलंच नव्हतं.

मामीने तो व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकच विचारलं, “आणि आम्ही कुठे गेलो?” मी म्हटलं, “मामी, हा मामांवर आहे.” ती म्हणाली, “मग तो नाचवतो कुणाला, पोरी? भुताला?”

आवाज कुठे गेला?

तुमच्यापैकी कुणी तारपा मोबाईलवर ऐकला असेल आणि ‘यात काय एवढं’ असं वाटलं असेल, तर दोष तारप्याचा नाही. तीन गोष्टी होतात.

एक, तारप्याचा सूर सलग चालतो. काही फोनमध्ये, ॲपमध्ये आजूबाजूचा गोंगाट कमी करायची सोय असते. ती सोय सलग चालणाऱ्या आवाजाला पंखा किंवा इंजिन समजते आणि दाबते. म्हणजे नेमका सूर दाबला जातो.

दोन, फोन रेकॉर्डिंगचा आवाज आपोआप वर-खाली करतो. मोठा आवाज आला की कमी, कमी झाला की मोठा. त्यामुळे तारपकरी तुमच्याकडे वळला आणि पाठमोरा झाला यातला फरकच पुसला जातो. रिंगणात असताना तो फरक अंगावर येतो. कर्णा तुमच्या बाजूला वळला की छातीत घुमतं.

तीन, मोबाईलचा स्पीकर इवलासा. खालचे, घुमणारे सूर त्यातून निघतच नाहीत. वर आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो तेव्हा फाइल आणखी दाबली जाते.

म्हणून लग्नात कॅसिओवर वाजणारी तारप्याची चाल मोबाईलवर जास्त ‘भारी’ वाटते. मी कॅसिओला नावं ठेवत नाही, मीही नाचते त्यावर. फक्त तुलना करताना दोघांना सारखं मैदान द्या.

फेटा, सूट आणि युनिफॉर्म

आता मैत्रिणीचा मुद्दा. फेटा कुणासाठी?

‘टॉकिंग हेड्स’ नावाचा अमेरिकन ग्रुप होता. त्यांची ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ ही कॉन्सर्ट फिल्म डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या एका थिएटरमध्ये शूट झाली आणि १९८४ मध्ये आली. त्यातला गायक डेव्हिड बर्न एका गाण्यात एवढा मोठा सूट घालून येतो की डोकं लिंबाएवढं दिसतं. तो सूट म्हणजेच तो, अशी लोकांची समजूत झाली. चाहत्यांना तो विक्षिप्त, गोड माणूस वाटायचा. पण त्याच ग्रुपच्या ड्रमरने, क्रिस फ्रांट्झने, २०२० मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की त्याच्याबरोबर काम करणं किती जड होतं. २०२३ मध्ये फिल्म पुन्हा थिएटरात लागली तेव्हा सत्तरी पार केलेल्या बर्नने मुलाखतीत कबूल केलं की हो, तेव्हा मी हुकूमशाही करायचो. चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणे आता फिल्म पाहवत नाही. दुसरा म्हणे माणूस वेगळा, फिल्म वेगळी.

मला या वादातली एकच गोष्ट घ्यायची आहे. छबी कुणी बनवली? तिथे बर्नने स्वतःची छबी स्वतः बनवली होती. सूट त्याची कल्पना. मग मामांचा फेटा कुणाची कल्पना?

सरळ उत्तर: माझी. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी व्हिडिओ हवा होता. गॅदरिंगच्या सामानातून फेटा आणि मोरपीस मी आणलं. मामांनी बांधलं. महिना सप्टेंबर, भात अजून हिरवं. मामी म्हणाली, “आत्ता नको, नवं धान्य आलं नाही.” मी म्हटलं, “सबमिशन आहे.” मामा भाचीला नाही म्हणत नाहीत. वाजवलं.

म्हणजे मैत्रीण जिंकली? थांबा. त्या लोकलच्या भांडणानंतर मी मामांनाच विचारलं. “मामा, तुम्हाला फेट्याचं वाईट वाटलं होतं का?”

मामा हसले. मामांनी उंबरगावच्या एका कंपनीत बरीच वर्षं काढली आहेत. म्हणाले, “कंपनीत युनिफॉर्म होता ना? तो घातल्याशिवाय गेटच्या आत घेत नव्हते. तसा हा पण युनिफॉर्म. कार्यक्रमाला बोलवतात ते फेट्याला बोलवतात, मला माहीत आहे. पैसे मला मिळतात.” थोडा वेळ गेला. मग म्हणाले, “फेट्याचं काय नाही. तू नको त्या महिन्यात वाजवायला लावलंस, ते लागलं.”

मी गप्प. आम्ही तिघं विरारपर्यंत कपड्यांवरून भांडलो होतो आणि माणसाला लागलं होतं ते वेगळंच. बाहेरून बघणाऱ्याला फेटा खोटा वाटतो. मामांच्या हिशेबात फेटा धंद्याचा भाग आहे आणि खोटा होता तो महिना. कलाकाराची छबी खरी की खोटी हे आपण ठरवायला बसतो, तेव्हा एकदा त्यालाच विचारावं की तुझ्या मते यात खोटं काय आहे.

भिंतीवरची फिल्म

रिंगण चौकटीत बसत नाही, असं मी मघाशी म्हटलं. पण आपल्याच लोकांनी ते कधीच बसवलंय.

डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कलंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे तुम्हाला माहीत असतील. वारली चित्र आधी लग्नाच्या वेळी बाया घराच्या भिंतीवर काढायच्या. १९७० च्या दशकात मशे कागदावर, कापडावर रोज चित्रं काढायला लागले आणि वारली चित्र जगभर गेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्याकडून आणि त्यांच्यामागून आलेल्या कितीतरी जणांच्या हातून तारपानाच चितारला गेला.

कुठलंही तारपानाचाचं वारली चित्र काढा आणि फिल्म म्हणून बघा. रिंगण वरून पाहिल्यासारखं आहे, गोगलगायीच्या शंखासारखं फिरत गेलेलं. माणसं मात्र बाजूने पाहिल्यासारखी उभी. एकाच चौकटीत दोन कॅमेरे! तारपकरी मध्ये आहे, तारपा चांगला लांबलचक आहे, पण वाजवणारा माणूस इतरांएवढाच आहे. तेच दोन त्रिकोण, तेवढंच डोकं. क्लोजअप नाही. आणि शंखाचं टोक बहुतेक वेळा उघडं असतं, अजून कुणी आलं तर धरायला जागा आहे.

लेव्हॉन हेल्मला हे चित्र दाखवायला हवं होतं.

दम

आता ती लपवलेली गोष्ट.

त्या सप्टेंबरात मामा तिसऱ्या मिनिटाला थांबले होते. दम तुटला. खोकले, पाणी प्यायले, पुन्हा सुरू केलं. पुन्हा चालीतल्या एका वळणावर सूर फाटला. मी एडिटिंगमध्ये ते सगळं कापलं आणि दोन टेक असे जोडले की कुणाला कळू नये. वाटलं, मामांची इज्जत राखतेय. चाहते असंच करतात ना? आवडत्या गायकाचा आवाज फाटलेला व्हिडिओ आपण पुढे पाठवत नाही.

मग मोबाईलमध्ये जागा संपली आणि मूळ क्लिप मी डिलीट केल्या.

वर्षभराने मामांच्या मुलाने तारपा हातात घेतला. आधी कधी घेतला नव्हता. मामा बाहेर असले की तो माझा व्हिडिओ लावून शिकायचा. एक दिवस म्हणाला, “ताई, यात बाबा दम कधी घेतात ते दिसतच नाही. नाकाने घेतात ते कुठल्या जागेवर? थकल्यावर सूर कसा सांभाळतात?” मी काय सांगणार? ती जागा मीच कापली होती. थांबणं, खोकणं, पुन्हा सूर पकडणं, त्याला पाहिजे होतं ते सगळं तिथे होतं. आणि व्हिडिओतली ती लांब चाल मामा आता पूर्ण वाजवत नाहीत. मध्येच सोडतात.

म्हणून ‘त्यांचा दम पहिल्यासारखा राहिला नाही’ असं मैत्रीण म्हणाली तेव्हा मित्राला राग आला, मला नाही आला. ते खरंच आहे. म्हाताऱ्या कलाकाराला तरुण दाखवण्यात आपलं समाधान असतं. त्याच्याकडून जो शिकणार आहे, त्याला त्याचं थकणंसुद्धा लागतं.

मग मी काय केलं

२०२५ च्या दिवाळीत, नवं धान्य घरात आल्यावर, मी पुन्हा रेकॉर्ड केलं. तुमच्याही पाड्यावर, गावात कुणी वाजवणारं असेल, तारपाच कशाला, ढोल असो, घांगळी असो, तर हे वापरा:

• आधी विचारा. ‘करू का’ एवढंच नको, ‘कधी करू’ हेही विचारा.
• मोबाईल आडवा धरा. जमलं तर उंचावर ठेवा. मी फणसाच्या फांदीला बांधला.
• आवाज दाबणारी सोय सेटिंगमध्ये असेल तर बंद करा. कर्ण्याच्या अगदी समोर ठेवू नका.
• चाल पूर्ण घ्या. थांबले तरी रेकॉर्डिंग थांबवू नका.
• शिकणाऱ्यासाठी वेगळी क्लिप घ्या, गाल आणि बोटं जवळून. दिवसा, निवांत.
• तारपा बनवताना, मेण लावतानाही घ्या.
• व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. जागा संपली तर आधी मीम्स डिलीट करा.

फणसावरचा व्हिडिओ अडतीस मिनिटांचा आहे. अंधार आहे. एक पोरगं कॅमेऱ्यापुढे येऊन तोंड वेडावून जातं. मामा तीनदा थांबतात, एकदा बिडी ओढतात आणि तेवढ्या वेळात रिंगण हात न सोडता उभं राहून गप्पा मारतं. फेटा नाही, शर्ट-पँट आहे, कारण त्या दिवशी युनिफॉर्मची गरज नव्हती. मामी पहिल्या मिनिटापासून दिसते. मी पण दिसते, डावीकडून सहावी. मोबाईल बांधून झाल्यावर हात मोकळेच होते.

हा व्हिडिओ मी कुठेच टाकला नाही. मित्राला पाठवला, त्याने दोन मिनिटं बघून बदाम पाठवला. मैत्रिणीने पूर्ण बघितला, ती अजून फेट्यावर भांडतेच आहे. मामाचा मुलगा मात्र तो रोज बघतो. एकविसाव्या मिनिटाला मामांचा सूर फाटतो आणि ते तो पुन्हा धरतात, तेवढाच तुकडा मागे-पुढे करून. आता त्याचा स्वतःचा सूर मी मोजला तेव्हा अकरा सेकंद टिकला. मामा पडवीतून ओरडले, “गाल फुगव, छाती नको!”

तुम्हाला ऐकू आलं असेल मागे. तो कोंबडा नव्हता.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर स्ट्रॉ आणि पाण्याचा ग्लास घ्या आणि किती सेकंद जमतं ते मला सांगा.